शेंगदाण्याचं तेल आणि गाडीची किल्ली

माझ्या वडिलांना, म्हणजे नानांना, किल्ली मागितली की उत्तर ठरलेलं. "पहिले गाडी सांभाळाले शिक."

या हिवाळ्यात मी म्हटलं, दारांवरचे रंगाचे टवके आणि बंपरचं पांढरं पडलेलं प्लास्टिक मीच नीट करते. नाना हसले. "शेंगदाणानं तेल लाव, चमकी जाई." शेवटी पैज लागली. "डावी बाजू तुन्ही, उजवी मन्ही. जेनी बाजू चांगली दिखी, किल्ली तेनी."

मी टवके घासून रंगाचे पातळ हात दिले, प्लास्टिकला पॉलिश लावून सुकू दिलं. नानांनी त्यांच्या बाजूच्या प्लास्टिकला नुसतं तेल फासलं, आणि तेच जास्त चमकायला लागलं.

"देख वं, ग्रॅज्युएट," म्हणत ते तीच गाडी घेऊन मिरच्या आणायला नंदुरबारला गेले. तिथे मैदानंच्या मैदानं मिरच्या वाळत असतात. परत आले तेव्हा तेलाला मिरचीची धूळ चिकटून उजवी बाजू लालभडक झाली होती. माझ्या बाजूचं प्लास्टिक एक फडकं मारताच पुन्हा काळंभोर झालं. आई उजवीकडे पुसायला गेली आणि शिंकतच घरात पळाली.

नानाही शिंकत म्हणाले, "हाई बाजूबी तूच करी टाक."

"करस ना," मी हात पुढे केला. "पहिले किल्ली."