जावईबापूंचं बेसबॉलचं कार्ड

"आई, तुम्ही याला कात्री लावलीत?" जावईबापू ओरडले.

"कडा कुरतडल्या होत्या. सरळ कापल्या, वर लॅमिनेट केलं. आभार माना!"

चौथी शिकलेली मी. नातीच्या मशीनवर लॅमिनेशन आपलं आपण शिकले, त्याचा केवढा तोरा!

इथे जर्मनीत, ड्रेस्डेनच्या जुन्या वस्तूंच्या बाजारात त्यांना मिळालेलं ते बेसबॉलचं कार्ड. हवेत झेपावलेला खेळाडू आणि अगदी कडेला, हाताला लागेल न लागेल असा चेंडू. जमवलेल्या सगळ्या कार्डांत त्यांचं हेच चित्र लाडकं. बघते तर काय, माझ्या कात्रीत नेमका चेंडूच गेलेला! बिचारा खेळाडू आता उगाचच उडी मारत होता.

"आई, जुनं आहे तसंच ठेवायचं असतं, सुधारायचं नसतं!"

मी म्हटलं, "मग मला या वयात जर्मनच्या क्लासला कशाला घातलंत?"