परियारच्या कंपनीले पत्ता

मी मूळचा दर्यापूरकडचा. मायबाप दुसऱ्याच्या वावरात कामाले जात. मोठा भाऊ शिकला, सरकारी नोकरीले लागला, अमरावतीत बंगला बांधला. मी काई शिकलो नाई, पन आरटीओच्या समोर टपरी टाकून ट्रकवाल्याईचे कागद करतो, परमिट म्हना, फिटनेस म्हना, सारं. मले सारे रवीभाऊ म्हनतात. टपरीच्या पाटीवर बी तेवढंच हाये, आडनावाची कोनाले गरज पडत नाई.

आता आपल्या शेंदूरजनाघाटचा संत्रा नेपाळात जाते. आपला ट्रक सीमेवर माल उतरवते, तिकडचा ट्रक भरून घेते, अन् त्या उतरव-चढवीत संत्रा दबते, सडते. तं तिकडचा एक ट्रकवाला आला, दिलबहादूर परियार, दोन-तीन ट्रकाची कंपनी, मालक तोच अन् ड्रायव्हर बी तोच. म्हने मी थेट बागेतून माल भरतो. पन परदेशी कंपनीले इथं गाड्या आनाच्या तं नोंदनी लागते, अन् नोंदनीले इथला मानूस पाह्यजे, इथला पत्ता पाह्यजे. मानूस मी झालो. पत्ता राह्यला. माहं घर टिनाचं, बोळीत, मले वाटलं कंपनीले हे शोभत नाई. भावाची समोरची खोली रिकामीच पडून होती, म्हटलं तिथं विचारू.

काय सांगू तुमाले. दिलबहादूर भावासाठी तिकडची चहापत्ती घेऊन आला होता. भावानं बसवलं, गाव विचारलं, रस्ता विचारला, अन् मंग हळूच म्हने, परियार म्हंजे तुमच्यात कोन?

मी खाली पाह्यलं. कावून की हाच भाऊ, नोकरीले लागला तवा खोलीसाठी सारं अमरावती फिरला. घरमालक पयले गाव विचारे, मंग आडनाव विचारे, अन् आडनाव ऐकलं की म्हने पोरगा येनार हाये, खोली त्याले लागते. भाऊ घरी येऊन भाकर न खाता झोपे. आज त्याच्या फाटकावर नाव हाये, निवृत्त अधिकारी हाये, आडनाव नाई. अन् तो विचारून राह्यला.

दिलबहादूरनं गाडीचा नंबर सांगावा तसं सांगून टाकलं. आमी शिंपी, लग्नात बाजा वाजवतो, गावात आमच्या हातचं पानी कोनी घेत नाई.

भावानं चहापत्तीचा पुडा बाजूले सरकवला. मंग म्हने, खोली देता नाई येत, पोरगा येनार हाये पुन्याहून. तेच शब्द, राजेहो, तेच. वहिनी दारात उभी होती, तिनं भावाकडं पाह्यलं. दिलबहादूरनं चहा संपवला अन् आपला कप धुवाले मोरीकडं निंगाला. सवयच त्याले. आमचा बाप बी मालकाच्या घरी असाच कप धुऊन पालथा घाले. वहिनीनं त्याच्या हातातून कप घेतला, म्हने, राहू द्या भाऊ, आमच्यात पाहुना कप नाई धूत. मले बसल्या जागी मरून जावं वाटलं.

रस्त्यानं मी त्याले म्हटलं, भावाचं मनावर घेऊ नका. तो हासला. म्हने, तुमच्या घराले पत्ता नाई का? माह्या घराची मले लाज वाटली होती, त्याले नाई.

दिला मंग माह्या घराचा पत्ता. नोंदनी झाली, बोळीच्या तोंडाशी पाटी लावाची ठरली. पेंटरनं परियार ट्रान्सपोर्ट लिहिलं हातभर अक्षरात. म्हने, खाली स्थानिक प्रतिनिधी, तुमचं पुरं नाव सांगा. कागदावर तं पुरं दिलंच होतं, तिथं इलाज नाई. पन हे पाटी साऱ्या मोहल्ल्यानं वाचाची. दिलबहादूर बाजूलेच उभा. अन् माह्या तोंडून निंगालं, रवीभाऊ लिहा. इतके दिवस भावाले नावं ठेवत होतो मी. पेंटर म्हने, आडनावापुरती जागा सोडली होती. म्हटलं, राहू द्या.

आता त्याचे ट्रक सुरू झाले. सुखरूप येवोत, सुखरूप जावोत, बापा. सकाळी निंगालो की पयले ते पाटी दिसते, त्याचं आडनाव ठसठशीत, अन् माह्या नावापुढं कोरी जागा. पेंटरले बोलावतो, बोलावतो म्हनतो. अजून काई बोलावलं नाई.