सोसायटीच्या भोंग्यावरची विलायती कॅसेट

तुमी तो अल्बम हेडफोन लावून ऐकलाय, आमी दूध सोसायटीच्या भोंग्यावर ऐकलाय!

आमच्या पाली गावाकडं तवा लई दुष्काळ होता. पाण्याचा टँकर आला की सोसायटीच्या भोंग्यावरून पुकारा व्हायचा, अन् ते काम माझ्या दोस्ताकडं, बाळूकडं होतं. बाळूनं औरंगाबादहून एका विलायती बँडची कॅसेट आणलती. एका दुपारी आमी दोघं ती सोसायटीच्या टेपवर ऐकत बसलो. भोंगा चालूच राहिलाय, हे कुणाच्याच ध्यानात न्हाई.

गिटार किंचाळली अन् अख्खं गाव हंडे घेऊन पळत आलं. बाळूची चुलती सरूकाकू सगळ्यात पुढं होती.

"पाणी कुठं हाय रे, मुडद्या?"

बाळूनं घाबरून थाप मारली, "येतंय काकू! आधी रांग तर लावा!"

मग लोकांना थोपवायला त्यानं कॅसेटच्या दोन्ही बाजू वाजवल्या. तासाभरानं खरंच टँकर आला. सगळे आधीच रांगेत होते, म्हणून त्या दिवशी पहिल्यांदा भांडणाशिवाय पाणी वाटून झालं.

संध्याकाळी सोसायटीच्या चेअरमननी आमाला बोलावलं. आता नोकरी जाणार म्हणून बाळू रडकुंडीला आलता.

चेअरमन म्हणाले, "उद्यापास्नं टँकरच्या आधी रोज हेच लावायचं."

सुटलो बुवा म्हणत आमी दारापर्यंत आलो, तेवढ्यात मागून चेअरमनचा आवाज आला, "अन् ऐक बे, दुसरी बाजू लावू नको. तिच्यात ढोल कमी हाय!"