बांगड्या फिरतात का?

जर्मनीतल्या तपासणीला मी नावं ठेवणार नाही. दर चार आठवड्यांनी बीपी, वजन, लघवी, बाळाचे ठोके, सगळं वेळेवर व्हायचं आणि एका वहीत लिहून मिळायचं. सातव्या महिन्यात ती वही घेऊन मी भडगावला माहेरी आले, तेव्हा जरा तोऱ्यातच होते.

आईने कासाराला बोलावून माझे दोन्ही हात हिरव्या बांगड्यांनी भरले. पंधराएक दिवसांनी गावातल्या आशा कार्यकर्त्या सुमनअक्का घरी आल्या. मी वही पुढे केली. त्यांनी ती बाजूला ठेवली, माझा हात धरला आणि विचारलं, "पोरी, तुन्या बांगड्या फिरतस का नही?"

मला वाटलं, कौतुक चाललंय. म्हटलं, "अक्का, आधी फिरायच्या. दोन दिवस झाले, रुतायला लागल्यात."

अक्कांनी हातातला चहा खाली ठेवला आणि आईला रिक्षा बोलवायला सांगितलं. दवाखान्यात पाहिलं तर हातांना सूज आणि बीपी भलताच वाढलेला. डॉक्टर म्हणाल्या, "आज आलात ते बरं केलंत." त्यांनी लगेच औषध सुरू केलं. पुढे लेक सुखरूप झाली.

दुसऱ्या खेपेला मी जर्मनीतच होते, पण हातात बांगड्या होत्या. तिथल्या सिस्टरला हा किस्सा सांगितला. तिने हसण्यावारी नेलं नाही. अक्कांचा शब्द दोनदा म्हणायला लावला आणि लिहून घेतला.

पुढच्या तपासणीला गेले, तर बीपीचं मशीन काढायच्या आधी तिने माझा हात धरला आणि विचारलं, "फिरतस?"