अंगण खरंच वाकडं होतं

माननीय अध्यक्षमहाराज, व्यासपीठावर बसलेले सचिवसाहेब, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते आपले गोल्फचे मास्तर, त्यांच्या सौभाग्यवती आणि सभासद बंधुभगिनींनो, सर्वांना माझा नमस्कार.

मी इथला माळी. हिरवळ आणि ज्यांवर उभं राहून फटक्यांचा सराव करतात त्या चटया माझ्याकडे. शिक्षण चौथीपर्यंत, त्यात भाषणाची सवय नाही. अडखळलो तर सांभाळून घ्या. बायकोने बजावलंय, "पाल्हाळ लावू नका."

समितीने मास्तरांच्या नोकरीची मुदत का वाढवली नाही, हे इथे कोणाला ठाऊक नाही? दोन वर्षं शिकूनही सभासदांचा ड्रायव्हरचा फटका सुधारला नाही. घरच्या मंडळींसाठी सांगतो, ड्रायव्हर म्हणजे सर्वांत लांब दांडी. मैदानावर चेंडू उजवीकडच्या झाडीत. अध्यक्षमहाराजांचे तर मी टोपलीभर वेचलेत. हसू नका हो, ते रागावतील.

मास्तर काय शिकवायचे? पाणी मारता मारता मी रोज ऐकलंय. "चेंडू पुढच्या टाचेसमोर ठेवा. दांडी सावकाश मागे न्या. खाली येताना आधी कंबर वळू द्या, खांदा आपसूक येईल." तसं केलं की सरावात चेंडू निशाणाच्या उजवीकडे जायचा. मग सभासद म्हणायचे, "मास्तर, तुमचं ऐकलं की वाकडं जातं!" आणि खांदा झोकून चेंडू निशाणाकडे ओढायचे. तीच खोड अंगात मुरली, आणि मैदानावर तसा ओढून मारलेला चेंडू फिरकी घेऊन उजवीकडे झाडीत जायला लागला.

गेल्या रविवारी मास्तर एकटेच सराव करत होते. मी चेंडू वेचायला गेलो. निशाणाच्या उजवीकडे सगळे एका जागी, वर चादर टाकली असती तर झाकले गेले असते! ज्याचे चेंडू असे एकत्र पडतात, त्याचा हात कसा चुकेल?

मी चटयांच्या कडेने निशाणाच्या दिशेला सुतळी लावून पाहिली. दहाच्या दहा निशाणाच्या उजवीकडे तोंड करून, आणि माणूस उभा राहतो तो चटईची कड धरूनच! दोन वर्षांपूर्वी मीच त्या शेडच्या भिंतीला धरून अंथरल्या होत्या. निशाणाकडे मान वर करून पाहिलंच नव्हतं.

नाचता येईना अंगण वाकडे, म्हणतात. इथे अंगण खरंच वाकडं होतं, आणि वाकडं करणारा मी.

चार दिवस चटया तशाच राहू दिल्या. या वयात नोकरी गेली तर? बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "मला सांगून चटया सरळ होणार आहेत का? जिथे सांगायचं तिथे सांगा."

आज सकाळी तीन नंबरची चटई सरळ केली. सचिवसाहेबांच्या सासूबाई सरावाला आल्या होत्या. म्हटलं, "बाई, आज मास्तरांचं ऐकून मारा." त्यांनी मारला. "अगं बाई, थेट निशाणावर!" त्या समोर बसल्यात, विचारा.

म्हणून विनंती आहे. भेटीचं घड्याळ देण्याआधी अध्यक्षमहाराजांनी त्या चटईवरून मास्तर सांगतील तसे पाच फटके मारावेत. उजेड अजून आहे. सरळ गेले, तर समितीने निर्णय पुन्हा पाहावा. माझं काय करायचं, तेही ठरवावं.

मास्तर, खाली नका बघू. दोन वर्षं बोलणी तुम्ही खाल्लीत, चूक माझी होती.

काय म्हणालात, अध्यक्षमहाराज? दांडी गाडीत आहे? मग आटोपतोच.

इतकं शांतपणे ऐकून घेतलंत, उपकार झाले. बोलण्यात काही चुकलं असेल तर सोडून द्या. चटयांचं मात्र सोडू नका.