अनंताच्या अकरा कळ्या

हॅलो?… हो आई, जय भीम… येतोय ना आवाज, बोला… कुठे?… संगमेश्वर सोडलं? एवढ्यात?… नाही हो, तसं नाही. या ना. या की. मी आपलं म्हटलं, पावसापाण्याची गाडी, कधी वेळेवर असते का…

एरवी पावसाळ्यात ती गाडी तास-दोन तास लोळत येते. आज आम्रपालीला त्या दोन तासांची खरी निकड होती, आणि नेमकी आजच गाडी घड्याळ गिळल्यासारखी धावत होती.

जाईबाई, म्हणजे आम्रपालीच्या सासूबाई, मोतीबिंदू काढायला मुंबईला मुलाकडे, सुहासकडे, गेल्या त्याला सव्वीस दिवस झाले होते. नवरा तिकडे नोकरीला, सासू तिकडे डोळ्याला, आणि इकडे आम्रपाली आणि पडवीतल्या सदतीस कुंड्या. त्यांतल्या छत्तीस ठणठणीत होत्या. सदतिसावीत, दाराशी, अनंत. त्याच्यासमोर ती उकिडवी बसली होती, एका हातात मोबाईल, दुसऱ्यात सुई-दोरा. अनंताची पानं कडांनी अशी करपली होती, जणू कोणी एकेक पान निखाऱ्याला लावून पुन्हा जागेवर डकवलं असावं.

डोळा कसाय पण?… स्वच्छ?… डब्यातल्या पंख्यावरचे कोळी मोजता येतात? अरे वा… नाही, आनंदच झाला ना. आवाज असाच आहे माझा, जरा सर्दी…

मोतीबिंदू होता तेव्हासुद्धा जाईबाई अंगणातून सांगायच्या की चुलीवरच्या भातात खडा आहे. आणि खडा निघायचा. आता पडदा काढल्यावर त्यांना काय काय दिसेल याचा विचार आम्रपालीने करायला घेतला आणि निम्म्यात टाकून दिला.

विचारा ना, हो… मनीप्लँट? पुसली पानं, ओल्या फडक्याने, खालून हात धरून… बाटलीतलं पाणी बदललं, आठवड्याला बदलते… स्नेक प्लँटला पंधरा दिवसांनी, तेही भांडंभर. आधी बोट खुपसून बघते, दुसऱ्या पेरापर्यंत कोरडं लागलं तरच… जास्वंदीवर आला होता पांढरा कापूस… नाही, गेला. साबणाच्या पाण्याने, जुन्या टूथब्रशने, बेचक्यातला पण काढला… गुलाबाची सुकलेली फुलं खुडली… शेवंती आत घेतली, बशीत पाणी साचू देत नाही…

यातलं अक्षर न् अक्षर खरं होतं. आम्रपालीने सगळं सांगितलं तसं केलं होतं. घोटाळा त्यातूनच झाला होता.

…काय? अनंत?

सुई बोटात गेली.

अनंत ना… मस्त आहे, आई… कळ्या? अकरा… हो, कालच्याच अकरा. एका रात्रीत किती वाढणार… परवा बारा म्हटलं होतं मी? मग एक गळली… नाही नाही, गळली नाही. उमलली. हो, उमलली… वास? वास तर काय, मथुराकाकू म्हणत होत्या, त्यांच्या न्हाणीघरापर्यंत जातो.

आधी कळ्या तीन होत्या. खऱ्या. त्या पिवळ्या पडून गळल्या तेव्हा जाईबाईंचा फोन आला, आणि भीतीने आम्रपालीच्या तोंडून चार निघाल्या. मग सहा. मग नऊ. खोट्या कळ्यांना ना खत लागलं ना पाणी. फोन आला की त्या वाढायच्या.

कुणाला सांगितलंत?… रावजी गुरुजींना?… अकराच्या अकरा विहारात?… नाही, चांगलंच केलंत की… हो, उद्या सकाळच्या वंदनेला… हो. ठेवते ना खुडून.

उद्या आषाढ पौर्णिमा. विहारात वर्षावासाचं, म्हणजे पावसाळ्याच्या तीन महिन्यांचं, रावजी गुरुजींचं वाचन बसणार, आणि पहिल्या दिवशी जाईबाईंच्या अनंताचं फूल तिथे जाणार, हे एकोणीस वर्षांचं ठरलेलं. हे झाड आम्रपालीच्या सासऱ्यांनी, जानूबाबांनी, मुंबईहून एसटीत मांडीवर धरून आणलं होतं, रॉकेलच्या डब्यात. कंडक्टर म्हणाला, खाली ठेवा. ते म्हणाले, माझं तिकीट फाडलंत, आता याचंही फाडा, पण खाली ठेवणार नाही. बारा तासांनी उतरले तेव्हा पाय असा आखडला होता की झाड पुढे आणि जानूबाबा मागून फरफटत, असे दोघे घरी आले. त्याच वर्षी ते गेले. भिंतीवर त्यांचा फोटो आहे, पण जाईबाई सकाळी बोलतात त्या अनंताशी.

कोण?… नाही, टीव्ही नाही लावलेला. मथुराकाकू आल्यात… सहज… हो, सांगते त्यांना… काकू, आईंनी विचारलंय तुम्हाला… काकू, हळू बोला ना जरा.

मथुरा शेजारीण. ती परातभर डबल तगर घेऊन आली होती, पांढरीशुभ्र, झालरीची. लांबून बघणाऱ्याला अनंत वाटावी अशी. प्रत्येक फूल दोऱ्याने फांदीला बांधायचं, असा तिचा बेत. सहा बांधून झाली होती. वासाचाही बंदोबस्त तिने केला होता, लेकीच्या लग्नातली अत्तराची कुपी आणून. मथुराच्या मते झाड गेलंच होतं. उरला होता तो फक्त जाईबाईंचा प्रश्न.

हो आई, आहे, बोला… काय घातलं म्हणजे?… घातलं ना. मासळीचं पाणी. तुम्ही सांगितलं तसंच… दर तिसऱ्या दिवशी… नाही, एकदाही चुकवलं नाही.

जाईबाईंच्या घरात मासळी धुतलेलं पाणी कधी मोरीत जात नाही. ते अनंताच्या मुळाशी जातं, म्हणून तो असा फुलतो, हे त्यांनी सुनेला निघताना तीनदा बजावलं होतं. पण आषाढात होड्या किनाऱ्याला ओढलेल्या. ताजी मासळी आणायची कुठून? ठाण्याला वाढलेल्या आम्रपालीला मासळी म्हणजे मासळी. तिने फळीवरचा खारा बांगडा काढला, रात्री भिजत घातला, आणि सकाळी ते पाणी अनंताला. सव्वीस दिवसांत आठ वेळा. कुंडी पावसात ठेवायची नाही हेही बजावलेलं, म्हणून वरून एक थेंब नाही. काल मथुराने ते पातेलं पाहिलं, नाकाशी नेलं आणि मटकन खालीच बसली. "गो पोरी," ती म्हणाली, "झाडाचं लोणचं घातलंस."

आता?… व्हिडिओ?… नको ना आई, इथे रेंज कुठे… पाऊस केवढाय… त्या बाईंना दाखवायचंय? कुठल्या बाई?… डब्यातल्या, पावस गावच्या? त्यांना कलम हवंय?… अहो, पण त्यांना कशाला घरी… रिक्षा एकच म्हणून… हो. बरं. नाही, चहा टाकते ना. या दोघी.

आता एक नाही, दोन बायका येणार होत्या, तीन धड डोळे आणि एक नवा कोरा.

आई, ऐका ना… उक्षी आलं?… मला एक सांगायचं होतं… नाही, तब्येत बरी आहे… ते अनंताचं, मी पाणी घातलं ना, ते खाऱ्या बांगड्याचं होतं, मला कळलं नाही, मला वाटलं मासळी ती मासळी, पानं जळलीत सगळी, कळी एकही नाही, मी खोटं बोलले, रोज बोलले, आणि आता तगर बांधतेय दोऱ्याने, मला कळत नाही मी काय करतेय… आई?… हॅलो?

फोन मेला होता. गाडी करबुड्याच्या बोगद्यात शिरली होती. सगळी कबुली डोंगराने गिळली.

मथुराने कपाळावरचा घाम पुसला. म्हणाली, सुटलीस, तिने ऐकलं नाही, आता तोंड शिवून घे. बोगदा साडेसहा किलोमीटरांचा. तेवढ्या वेळात मथुराने आणखी तीन तगरी बांधल्या आणि आम्रपालीने तीनदा ठरवलं की सांगायचं, आणि चारदा ठरवलं की नाही. चौथ्यांदा वाऱ्याचा झपका पडवीत आला. एक तगर दोऱ्यासकट सुटून खाली पडली आणि शेपटी ओढत उंबऱ्याकडे घरंगळत गेली. तेवढ्यात फोन वाजला.

हॅलो?… हो आई… बोगदा लागला ना, म्हणून तुटलं… मी? मी काय म्हणत होते… काही नाही. असंच. मी म्हणत होते की…

मथुरा ओठांवर बोट ठेवून मान हलवत होती. आम्रपालीने तिच्याकडे पाठ केली.

आई, मी अनंताला खारं पाणी घातलं… खाऱ्या बांगड्याचं… आठ वेळा… कळ्या नाहीत, आई. तीन होत्या, त्या गळल्या. अकरा मी… त्या मी तोंडानेच लावल्या… हो… हॅलो?… आहात ना?… आई, बोला ना काहीतरी.

पलीकडे नुसती चाकं. जाईबाई बोलायच्या थांबल्या म्हणजे वाडीत माणसं घराबाहेर येऊन बघतात, काय झालं म्हणून.

हो, ऐकतेय… नखाने?… कुठे, बुंध्याला?… आई, मला भीती वाटते… आतून काळं निघालं तर?… नाही, तुम्ही येईपर्यंत नको. बरं. मीच करते. थांबा.

तिने मातीपासून वीतभरावर अंगठ्याचं नख टेकवलं. टेकवून तशीच राहिली. मग डोळे अर्धे मिटून खरवडलं. वरची करडी साल पापुद्र्यासारखी सुटली. आत मोड आलेल्या मुगाचा असतो तसा ओला, फिका रंग होता.

हिरवं आहे… हिरवं आहे, आई. नखाला ओल लागली… हो, वर पण बघते… शेंडे दोन वाळलेत, बाकी हिरवं.

हो… हो, हातात घेते… कुंडी बाहेर?… अहो, तुम्हीच म्हणालात ना, पावसात नको… पागोळीखाली? थेट?… मग मुळं कुजतील… एका दिवसाने नाही कुजत, बरं… भोक मोकळं करते, खराट्याची काडी घालून… बशी काढून टाकते… दगडावर ठेवते, म्हणजे खालून वाहील… काय चाखायचं?… खालून येतं ते? जिभेवर?… अळणी लागेपर्यंत. बरं… पानं नाही तोडत. अर्धी हिरवी आहेत ती राहू देते… खत नाही. मासळी नाही. नवी पालवी येईस्तोवर काहीच नाही… हो, कळलं. ताजी असली तरी नाही.

आणि आई, अजून एक… तगर बांधलीय. डबल… अनंत दिसावा म्हणून… आठ आहेत, एक पडली… नाही, मथुराकाकूंची कल्पना… म्हणजे माझीच.

मथुराला गॅसवरच्या दुधाची आठवण झाली. ती परात तिथेच टाकून मागल्या दाराने गेली. तिच्याकडे म्हैस नाही, आणि दूध ती संध्याकाळी घेते.

सोडते. दोरा तोडून सोडते सगळी… फेकायची नाहीत?… विहारात न्यायची? तगर म्हणून?… पण तुम्ही अकरा अनंत सांगितलेत ना गुरुजींना… मी सांगू? मीच?… सगळ्यांसमोर?… हो. खोटं मी बोलले, तर… हो, सांगते. तगर आहे म्हणून सांगते… बांगड्याचं पण सांगायचं?… बरं.

स्टेशन आलं का?… पिशवी घेतलीत ना? वरची पण बघा… आई, थांबा, ठेवू नका. एकच. तुम्ही रागावला नाहीत ना?… आई?… रागावलात का?… हॅलो?… हॅलो?

स्टेशनातल्या गलबल्यात फोन तुटला, की पलीकडून ठेवला, ते कळायला मार्ग नव्हता.

आम्रपालीने बशी काढली. कुंडी झाडासकट तिच्या कमरेइतकी, तिने ती मिठी मारून पायरीपायरीने उतरवली आणि पागोळीखाली दगडावर ठेवली. पत्र्यावरून येणारी धार मातीवर आदळली, माती बुडबुडली, बराच वेळ काहीच झालं नाही. मग बुडाच्या भोकातून तपकिरी पाणी यायला लागलं. तिने बोट धरलं, जिभेवर टेकवलं. समुद्र.

तगरी एकेक सोडून तिने परातीत ठेवल्या. उंबऱ्यातली नववीही उचलून ठेवली. पुन्हा चाखलं. अजून खारट, पण बांगड्याचा वास मेला होता. वळणावर रिक्षाचा हॉर्न वाजला. आत चहाला आधण ठेवायचं होतं, केस सारखे करायचे होते, दार उघडायचं होतं. तिने कुंडी आणखी वीतभर धारेखाली ओढली आणि तिसऱ्यांदा बोट पुढे केलं.