झोपेचे पैसे

ऐका हं. तिकडे परदेशात, ब्लॅकटाउनला एक होता मिलिंद, एक होती त्याची बायको प्रज्ञा आणि एक त्यांची दोन वर्षांची लेक, मैत्री. मी मिलिंदची आई, नात सांभाळायला गेले होते. प्रज्ञा युनीत, म्हणजे तिथल्या विद्यापीठात शिकायची. तिची फी भरायला मिलिंद गोदामात रात्रपाळी करायचा आणि दिवसभर झोपायचा.

मी म्हटलं, "दिवसाचं काम घे की रे."

"दिवसाला पैसे कमी, आई. बोनससुद्धा रात्रवाल्यांनाच."

"रात्रीला जास्त का देतात?"

"झोप विकत घेतात."

मैत्री जरा खिदळली की आम्ही दोघी तिच्या तोंडावर हात ठेवायचो, "शू, बाबा झोपलाय!" पोर हसायलाही दबकायला लागली.

शेवटी प्रज्ञा पास झाली, नोकरीला लागली. मिलिंदनं लगेच कमी पगाराची दिवसपाळी मागून घेतली. पहिल्याच संध्याकाळी दारातूनच ओरडला, "मैत्री!"

पोरीनं ओठांवर बोट ठेवलं आणि त्यालाच म्हणाली, "शू! बाबा स्लीपिंग!"

माझा लेक दारातच खाली बसला. रडला हो. मग तिला जवळ ओढून म्हणाला, "बाबा उठला गं, बाळा. आता ओरड हवं तेवढं."